काइसान आणि आभारप्रदर्शन

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, टोकियोच्या पूर्वेला असलेल्या फुनाबोरी या वस्तीत, पाडव्याच्या मेळाव्यात, एक भक्कम सरकार टाळ्यांच्या कडकडाटात कोसळले. जीवितहानी झाली नाही. मालमत्तेचे नुकसान झाले नाही. एक पुरी तेवढी कुणाच्या तरी ताटलीतून घरंगळली. सरकार कोसळत असताना सरकारप्रमुख स्वतः टाळ्या वाजवत होते, आणि साऱ्या सभागृहात त्यांच्याच टाळ्या सर्वांत खणखणीत होत्या.

सरकार मी पाडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर बऱ्याच जणांनी श्रेय घ्यायचा प्रयत्न केला. माझ्याजवळ ना बहुमत होतं, ना पद. माझ्याजवळ होतं आभारप्रदर्शन.

आभारप्रदर्शन म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आभार मानणारी व्यक्ती उठली की सभागृहाचे कान बंद होतात आणि नाकं उघडतात. वास पुरणाचा की पुऱ्यांचा, यावर कुजबुज सुरू होते. मागच्या रांगेतले लोक ताटल्यांकडे सरकतात. आणि तरीही, दर दोन वाक्यांनी, कुणीही न सांगता, सगळे टाळ्या वाजवतात. आपण कशाला टाळ्या वाजवल्या हे त्यांना विचारू नये. ते खरोखरच सांगू शकणार नाहीत.

आमच्या इथल्या मराठी मंडळात अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार ही पदं पुरुषांकडे असत. रांगोळी, सूत्रसंचालन आणि आभार बायकांकडे. कॉलेजात असताना मी एकांकिकांमधून तलवारी उपसल्या होत्या, एकदा तर रंगमंचाचा मागचा पडदा घेऊन खाली आले होते. त्या मला नवऱ्याच्या टोकियोतल्या बदलीनंतर वर्षातून एकदा माइक मिळायचा, तोही लोक श्रीखंडाकडे बघत असताना. हा अपमान मी वर्षानुवर्षं हसतमुखाने गिळत होते. एखादं शस्त्र गंजत पडलंय असं वाटावं आणि ते आतून धारदार होत असावं, तसं काहीसं माझं चाललं होतं.

मग भूकंप झाला.

भूकंपाचं वर्णन मी करणार नाही. टोकियोत आमच्या वाट्याला जे आलं ते उत्तरेकडच्या किनाऱ्याच्या मानाने काहीच नव्हतं. आमच्याकडे कपाटं हलली, नवरे ऑफिसातून रात्रभर चालत घरी आले, कोनबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातल्या, फळ्या रिकाम्या झाल्या आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी आम्ही सायकली दामटल्या. पृथ्वी हलली, पण प्लास्टिकचा कचरा टाकायचा वार हलला नाही. त्या आठवड्यातही शेजारच्या आजी बाटलीचं झाकण वेगळं, बाटली वेगळी करून माझ्याकडे रोखून बघत होत्या, आणि मला एकदम धीर आला.

आमच्यातली निम्मी कुटुंबं भारतात परतली. त्यात काही चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. लहान बाळ कडेवर असलेल्या आईने काय करावं हे मी कोण सांगणार? माझ्या सासूबाई रोज फोनवर विचारायच्या, "अगं, आज कितीदा हललं?" आणि मी सांगायचे, "आई, आज फक्त तुमच्या फोनने हललं." आम्ही राहिलो, कारण ह्यांच्या ऑफिसला माणसं हवी होती, आणि खरं सांगायचं तर मला घाबरून पळताना पाहायची संधी मी कुणालाच देणार नव्हते.

राहिलेल्यांमध्ये एक होत्या बाई.

बाई म्हणजे आमच्या शनिवारच्या मराठी वर्गाच्या शिक्षिका. वयाने माझ्याहून बरीच लहान, पुण्यात प्राथमिक शाळेत शिकवायची, सॉफ्टवेअरवाल्या नवऱ्याबरोबर इकडे आली आणि नोकरी सुटली. मी तिला अगंतुगं करते, ती मला ताई म्हणते, पण शनिवारी सकाळी वॉर्डच्या सभागृहातल्या त्या लहानशा खोलीत ती शिरली की मीसुद्धा तिला बाई म्हणते. वर्गात मुलं अशी की घरी आईने मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देतात, आणि रागवलं तर इंग्रजीत.

भूकंपानंतर वर्ग बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. बाईंनी तो बंद पडू दिला नाही. उरलेली चार-पाच मुलं घेऊन ती बसायची. जमीन हलायला लागली की मुलं शाळेत शिकवल्याप्रमाणे टेबलांखाली शिरायची आणि बाईसुद्धा पदर सावरत टेबलाखाली शिरायची. मग खालूनच आवाज यायचा, "म मा मि मी... थांबायचं नाही, पुढे? मु मू..." अशी बाराखडी मी जन्मात ऐकली नव्हती.

एकदा अशाच हादऱ्यात, आजवर मराठीत 'हो' आणि 'नको' याखेरीज काही न बोललेली एक चिमुरडी टेबलाखालून म्हणाली, "बाई, जमीन थकत कशी नाही?"

संध्याकाळी बाई माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. मला वाटलं, घाबरली असेल. ती म्हणाली, "ताई, पूर्ण वाक्य! क्रियापद बरोबर, लिंगसुद्धा बरोबर!"

आता अध्यक्ष.

आमचे अध्यक्ष एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मनुष्य वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट सुरू करण्यापेक्षा रीतसर बंद करण्यात त्यांना जास्त समाधान मिळतं. भूकंपानंतर दुसऱ्याच दिवशी ते सहकुटुंब मुंबईला गेले. हरकत नाही. उन्हाळा सरल्यावर परत आले. आनंद आहे. पण आल्या आल्या त्यांनी राहिलेल्या लोकांना बोलावलं आणि दुःखद सुरात सांगितलं की मंडळात आता जीव उरलेला नाही, तेव्हा नव्या आर्थिक वर्षाच्या आधी मंडळ सन्मानाने बरखास्त करावं.

"आणि खोली?" बाईने विचारलं.

सभागृहाची ती खोली नोंदणी केलेल्या मंडळालाच मिळते. मंडळ गेलं की खोली गेली, खोली गेली की वर्ग गेला. शनिवारच्या त्या वेळेवर वस्तीतल्या जपानी आजीबाईंच्या हवाईयन नृत्याच्या क्लबचा केव्हापासून डोळा होता. गवताचे घागरे घालून त्या दारातून आत डोकवायच्या आणि फार गोड हसायच्या.

"खोली सोडावी लागेल," अध्यक्ष म्हणाले. "पाच मुलांसाठी एवढा व्याप कशाला? ऑनलाइन बरंच काही असतं हल्ली."

"टेबलाखाली ऑनलाइन कसं शिरायचं?" मी विचारलं.

"वहिनी, तुमचं नेहमीचंच," ते म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मंडळाची घटना त्यांनीच लिहिली होती. मंडळ बरखास्त करायला कार्यकारिणीचा ठराव पुरत होता. कार्यकारिणीत उरले होते स्वतः ते आणि कार्यवाह, आणि कार्यवाह त्यांच्याच बँकेत त्यांच्या हाताखाली. खजिनदार तर नागपूरला परतले होते. म्हणजे हे सगळं एका माणसाच्या होकाराने आणि दुसऱ्याच्या मान डोलावण्याने होणार होतं.

त्या संध्याकाळी बाई घरी जाताना म्हणाली, "ताई, शनिवारी सकाळी मी कुणीतरी असते हो. बाकीच्या दिवशी मी कुणाची बायको आणि कुणाची आई. ते वाईट नाही. पण शनिवारी मी बाई असते." आणि स्टेशनाकडे निघून गेली. मी दारातच उभी राहिले. मला तलवार हवी होती आणि हातात फक्त भेंडीची पिशवी होती.

तलवार मला दिली एका जपानी आजोबांनी.

त्याच सभागृहात परदेशी लोकांना फुकट जपानी शिकवणारे एक सेन्सेई, म्हणजे गुरुजी, होते. निवृत्त इतिहासशिक्षक, ऐंशीच्या आसपासचे, पांढऱ्याशुभ्र भुवया आणि त्यांखाली अतिशय खोडकर डोळे. मी त्यांची सर्वांत वाईट आणि सर्वांत बडबडी विद्यार्थिनी. एकदा मी त्यांना टीव्हीवर पाहिलेल्या एका दृश्याबद्दल विचारलं. संसदेत कुणीतरी उभं राहून काहीतरी वाचतं, आणि मग सगळे खासदार दोन्ही हात वर करून "बान्झाई! बान्झाई! बान्झाई!" असं ओरडतात. जय हो, जय हो, जय हो! मी विचारलं, "सेन्सेई, काय जिंकले हे?"

"जिंकले? छे! त्यांची खुर्ची गेली," ते म्हणाले. "काइसान."

आता ऑफिसात, शेजारात, दुकानात, सगळ्यांच्या नावापुढे सान लागलेलं ऐकून ऐकून माझे कान तयार झालेले. मी म्हटलं, "हे काइ-सान कोण? मोठा माणूस दिसतो. हा आला की सगळ्यांची नोकरी जाते?"

सेन्सेईंनी चष्मा काढला. मग डोळे पुसले. मग टेबलावर डोकं ठेवून ते इतके हसले की शेजारच्या खोलीतलं हवाईयन संगीत थांबलं. काइसान हा माणूस नव्हता. काइसान म्हणजे विसर्जन, बरखास्ती. शाळेच्या सहलीवरून परतल्यावर स्टेशनावर शिक्षक "काइसान!" म्हणतात आणि मुलं पांगतात, तेच. संसद बरखास्त झाली तरी शब्द तोच.

मी शनिवारी वर्गात हा किस्सा सांगितला आणि त्याच दिवसापासून आमच्या अध्यक्षांचं नाव काइसान पडलं. मुलांनी ते इतकं उचललं की लिफ्टमध्येसुद्धा कुजबुज व्हायची, "काइसान आले, काइसान आले." अध्यक्षांनी ते ऐकलं. जपानीत अध्यक्षाला काइचो म्हणतात. त्यांना वाटलं, हे त्याचंच लाडाचं रूप. एका सभेत ते गहिवरून म्हणाले, "आपली मुलं मला इथल्या पद्धतीप्रमाणे काइसान म्हणतात, यातच मला सगळं मिळालं." बाईने तोंडावर रुमाल धरला. मला खोकला झाला. माझा नवरा, ज्याला अजून काहीच माहीत नव्हतं, त्याने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात सेन्सेईंनी मला खरी गोष्ट सांगितली. म्हणाले, तुला काइसान आवडले ना, मग हे ऐक.

गेल्या शतकाच्या अगदी सुरुवातीची गोष्ट. जपानची संसद तेव्हा नवी होती. निवडून आलेल्या सभेची मुदत कागदावर चार वर्षांची, पण सरकारचं आणि सभेचं पटलं नाही की मुदतीचं काही खरं नसे. सेन्सेईंचे आजोबा बर्फाळ भागातल्या एका खेड्यातून वसंतात पहिल्यांदाच निवडून आले होते. नवा कोट शिवला, गावाने वाजतगाजत निरोप दिला. हिवाळी अधिवेशनात सम्राटांचं भाषण झालं. त्या भाषणाला सभेने उत्तर पाठवायचं असतं. उत्तर म्हणजे नमस्कारच. आम्ही धन्य झालो, आम्ही नतमस्तक आहोत, असं तेच ते, दर वेळी तसंच. ते कुणी ऐकत नाही.

"म्हणजे आभारप्रदर्शन!" मी ओरडले. शब्द मराठीत निघाला.

सभेच्या अध्यक्षांनी स्वतः उभं राहून ते उत्तर वाचलं. त्याच सुरात, त्याच लयीत. आणि त्या नमस्कारांच्या मधोमध त्यांनी तेव्हाच्या मंत्रिमंडळावर सरळसरळ ठपका ठेवला. कारभार चुकतोय, देश वाऱ्यावर आहे, या अर्थाचं. आवाज चढवला नाही, थांबले नाहीत. वाचून संपलं आणि सभेने ते टाळ्यांसह एकमताने मंजूर केलं. मंत्र्यांच्या बाजूचे लोकसुद्धा त्यात होते.

"आणि तुमचे आजोबा?"

"टाळ्या वाजवल्या आणि मग शेजारच्याला विचारलं, काय म्हणाले ते?"

मग एकच धावपळ. सरकारच्या लोकांनी म्हटलं, पुन्हा घ्या, पुन्हा चर्चा करू. उत्तर मिळालं, एकदा मंजूर झालेला विषय पुन्हा घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी सरकारने सभाच बरखास्त केली. काइसान! चार वर्षांची मुदत, आणि वर्षसुद्धा पुरं झालं नाही. सेन्सेईंचे आजोबा नवा कोट घेऊन बर्फात परत गेले, पुन्हा कधी निवडून आले नाहीत. पण मरेपर्यंत ते सांगत, की आयुष्यात मी एकदाच देशाच्या उपयोगी पडलो, आणि तेही लक्ष नसताना.

मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे सेन्सेईंना काळजी वाटते. त्यांनी विचारलं, "बरं नाही वाटत का?"

"सेन्सेई," मी म्हटलं, "पाडव्याच्या मेळाव्याला तुम्ही प्रमुख पाहुणे म्हणून याल का?"

घरी जाऊन मी मंडळाची घटना वाचली. मला वाटत नाही की ती लिहिणाऱ्याखेरीज आणखी कुणी वाचली असेल. त्यात अध्यक्षांनी, स्वतःच्या ठरावांना कुणी नंतर फाटे फोडू नयेत म्हणून, एक कलम घातलं होतं: वार्षिक मेळाव्यात उपस्थितांनी टाळ्यांनी मान्य केलेली कोणतीही गोष्ट अंतिम राहील आणि वर्षभर तिचा पुनर्विचार होणार नाही. मी ते वाचलं आणि त्यांच्यावर माझं एकदम प्रेमच जडलं.

बाईला मी फक्त एवढं विचारलं, "खोलीच्या नोंदणीवर अध्यक्षाची सही लागते. वेळ आली तर तू करशील?"

ती म्हणाली, "ताई, माझं नाव पुढे केलंत तर भांडण होईल."

"भांडण माझ्याकडे. तू फक्त सही कर."

तिने थोडा विचार केला. म्हणाली, "करीन. पण तुम्ही नाटक करू नका हं."

असं कुणी मला सांगावं!

पाडव्याच्या पुढच्या रविवारी सगळे जमले. गुढी सभागृहाच्या नियमांमुळे आतच उभारली, कारण बाहेर काठी लावायला परवानगी लागते. मुलांनी टेबलाखाली शिकलेली कविता टेबलांच्या वर उभं राहून म्हटली. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी इथल्या दह्याचा चक्का दोन दिवस बांधून श्रीखंड केलं होतं, आणि त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "इथलं दही फार पाणचट, पण मी काय ते जमवलंय." जमवलंही होतं. श्रीखंडाबद्दल मी त्यांच्याशी कधीच वाद घालणार नाही.

अध्यक्षांचं भाषण झालं. कठीण काळ, जड निर्णय, कार्यकारिणी येत्या आठवड्यात योग्य तो ठराव करील. बाई उठली.

"सर, वर्गाबद्दल मला थोडं बोलायचंय. मुलांचे पालक इथे आहेत, तर..."

"बाई, आज सण आहे," अध्यक्ष मायेने म्हणाले. "आज तो विषय नको. बसा तुम्ही. आता आभार, आणि मग जेवायचं."

लोक हसले. बाई बसली. तिने मान खाली घातली आणि मांडीवरच्या त्या चिमुरडीच्या वेणीची रिबीन उगाचच सोडून पुन्हा बांधायला लागली. मी माइककडे गेले. जाताना सेन्सेईंकडे पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेलेल्या होत्या.

मला नाटकात आवाज चढवायला शिकवलं होतं. त्या दिवशी मी आयुष्यातली सर्वांत अवघड भूमिका केली: आवाज अजिबात न चढवण्याची. डोळे अर्धे मिटले आणि लय धरली.

"आजच्या या मंगल प्रसंगी आपण सर्व जण बहुसंख्येने उपस्थित राहिलात, त्याबद्दल मंडळ आपलं ऋणी आहे." टाळ्या. "हे सभागृह उपलब्ध करून देणाऱ्या वॉर्ड कार्यालयाचे आभार." टाळ्या. मागच्या रांगा उठल्या. माझा नवरा त्यांत पहिला. "प्रमुख पाहुणे सेन्सेई यांनी वेळात वेळ काढून आपल्याला उपकृत केलं." टाळ्या. "ज्ञात-अज्ञात अशा अनेक हातांनी या कार्याला हातभार लावला." टाळ्या, या वाक्याला नेहमीच मिळतात, का ते माहीत नाही. "शनिवारचा मराठी वर्ग आणि ही खोली येत्या वर्षीही कायम ठेवण्याच्या ठरावाला आपण सर्वांनी एकमताने मान्यता दिलीत, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार." टाळ्या! "मंडळ बरखास्त न करण्याच्या आपल्या निर्धाराबद्दल आभार." टाळ्या! "आजवरचे अध्यक्ष आजपासून पदमुक्त होत आहेत, त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल त्यांचे विशेष आभार. आणि नव्या अध्यक्ष म्हणून आपल्या वर्गाच्या बाईंची आपण टाळ्यांच्या गजरात निवड केलीत..."

आणि लोकांनी टाळ्यांचा गजर केला. देवाशपथ केला. स्वतःचा उल्लेख ऐकून अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले, विनयाने वाकले, आणि नव्या अध्यक्षांच्या निवडीला त्यांनी हात वर धरून टाळ्या वाजवल्या. इतरांनी कशा वाजवाव्यात हे दाखवून द्यावं तशा.

इथे मी थोडी थांबते आणि पुढचं आधी सांगून टाकते, कारण त्यानंतर जे ऐकू आलं त्याच्यापुढे मला काही बोलता येणार नाही.

पुढे अध्यक्षांनी पत्रकं काढली. घटनाबाह्य, अशोभनीय, विश्वासघात. मी त्यांना त्यांचंच कलम पाठवलं, खाली "सप्रेम नमस्कार" असं लिहून. कार्यवाहांनी, बँकेत त्यांच्या हाताखाली असूनसुद्धा, सगळ्यांना जाईल असं एका ओळीचं उत्तर दिलं, "कलम लागू पडतं असं दिसतं." त्या माणसात एवढा कणा असेल असं मला वाटलं नव्हतं; मी त्यांना त्या वर्षी डबाभर चकल्या दिल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारने सभाच बरखास्त करून सूड घेतला होता. आमच्या सरकारला तेही जमेना, कारण बरखास्त करायची सत्ता आता बाईकडे होती, आणि बाई शनिवारी सकाळी खोलीत बाराखडी घेत होती.

मला अनेकांनी विचारलं, ही फसवणूक नाही का? नाही. मी एकही शब्द लपवला नाही. माइकवरून, सगळ्यांच्या समोर, स्वच्छ मराठीत बोलले. एका बाईला "आज सण आहे, बसा" म्हणून गप्प करता येतं, कारण ती काहीतरी मागायला उठलेली असते. आभार मानणाऱ्या बाईला कुणी बसा म्हणत नाही. तिला कुणी ऐकतच नाही. हे दार त्यांनीच माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं, वर्षानुवर्षं, वारा यायला. मी त्यातून आत आले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा येईन, आणि त्या वेळी आवाजही चढवीन.

माजी अध्यक्ष वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पण त्यांची मुलगी दर शनिवारी वर्गाला येऊ लागली. ते तिला सभागृहाच्या कोपऱ्यापर्यंत सोडत, आणि मी दिसले की कचरा वेगळा करण्याच्या नियमांचा फलक मन लावून वाचत. हवाईयन नृत्याच्या आजी अजूनही दारातून डोकवतात. त्यांनाही आम्ही बुधवार मिळवून दिला. खोलीसाठी भांडायचं कसं हे आता आम्हाला चांगलं माहीत होतं.

तर त्या क्षणाकडे परत येते. टाळ्यांचा गजर चालू आहे. बाईने मान वर केली आहे आणि ती माझ्याकडे अशी बघते आहे, जणू जमीनच हलली. चिमुरडीच्या वेणीची रिबीन तिच्या हातातच राहिली आहे. सेन्सेईंना मराठीचा एक शब्द कळत नाही, पण आजोबांच्या टाळ्या त्यांच्या रक्तात आहेत. ते उठतात, दोन्ही हात छताकडे नेतात आणि गरजतात, "बान्झाई!" मुलांना तेवढंच हवं असतं. "बान्झाई!" टेबलांवरून, खुर्च्यांवरून, "बान्झाई!" पालक हसतात, अध्यक्षही हसत हसत टाळ्या वाजवतच राहतात.

त्या सबंध सभागृहात माझं आभारप्रदर्शन पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत फक्त एका व्यक्तीने ऐकलं होतं. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी. दोन दिवस चक्का बांधून झाल्यावर त्या आपल्या आभारांची वाट बघत कान टवकारून बसल्या होत्या. बान्झाई ओसरलं, आणि त्या शांततेत, हातात श्रीखंडाचा डाव धरून, त्या नवऱ्याकडे वळून ओरडल्या:

"अहो, टाळ्या काय वाजवताय? तुम्हालाच काढलंय! आणि माझ्या श्रीखंडाचं नावसुद्धा नाही!"